सही करण्यापूर्वी वाचून घ्या
(शाखेच्या कुटुंब मेळाव्यातील सचिवांचे भाषण)



महागाई भत्ता आणि रिक्त जागा यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आज आपल्या घरातल्या दुसरी-तिसरीच्या मुलांबद्दल बोलायचे आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कार्यकर्त्यांनी रेल्वे कॉलनीतील मुलांना वाचायला बसवले. तिसरीतल्या एका मुलीला प्रगतिपुस्तकात भाषेची श्रेणी अ-१ होती. तिने आपल्या पुस्तकातला धडा घडाघडा म्हटला. पुस्तक मिटले तरी ती म्हणतच राहिली! मग दुसरीच्या पातळीची, तिने न पाहिलेली गोष्ट पुढे ठेवली. पहिल्याच ओळीत ती अडली. तिचे वडील ट्रॅकवर काम करतात. त्यांनी मान खाली घातली. दोष त्या मुलीचा नव्हता. प्रगतिपुस्तकावर सही करणारे आपणच होतो.

हा प्रश्न एका घरचा नाही. 'प्रथम' संस्थेच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीची २७.१ टक्के आणि पाचवीची ४८.८ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली.

मग श्रेणी चांगली कशी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण मूल्यमापन आणले. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, सर्वांची मिळून एक श्रेणी होते. त्या बेरजेत न वाचता येणे झाकून जाते. म्हणून मुलांना नापास करा, असे आमचे म्हणणे नाही. नापास झालेले कामगाराचे पोर शाळाच सोडते, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की श्रेणीबरोबर वाचनाची पातळीही सांगा.

ब्रेक तपासल्याशिवाय ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही करायची नसते. का, ते येथे कोणाला सांगायला नको. मग मुलाच्या प्रगतिपुस्तकावर न तपासता सही का करावी?

सरकारनेच २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियानात माप ठरवले आहे. तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा. हे माप घरीही लावता येते. नवी गोष्ट द्या, घड्याळ लावा आणि शेवटी विचारा, "काय झालं गोष्टीत?" अडले तर रागावू नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कोठे अडते ते पाहा आणि तेच गुरुजींना सांगा. गुरुजींशी भांडण नको. त्यांच्यावरही अवांतर कामांचा बोजा आहे. कामाचा बोजा म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे.

ज्यांची बदली भुसावळहून इटारसीला किंवा नागपूरहून बिलासपूरला होते, त्यांनी जास्त लक्ष द्यावे. घरी मराठी, शाळेत हिंदी. लिपी एक असली तरी शब्द नवे असतात. असे मूल अडखळले म्हणजे ते 'ढ' नव्हे. त्याला थोडा वेळ द्या आणि घरात मराठी वाचन चालू ठेवा.

रात्रपाळी आहे, डाकेची घाई आहे, हे आम्ही जाणतो. तरीही रोज दहा मिनिटे काढता येतील. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलो. पण परिपत्रक स्वतः वाचता आले म्हणून साहेबापुढे हक्काने उभे राहिलो. ज्याला वाचता येत नाही, त्याला आपला हक्क दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. आपल्या मुलांवर ती पाळी येऊ नये.

पुढचे प्रगतिपुस्तक सहीसाठी येईल, तेव्हा आधी मुलाकडून एक पान वाचून घ्या. मगच सही करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!