माझे कातकामाचे सोबती

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जवळा बाजार येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला ‘सेवानिवृत्तांनी वेळ कसा घालवावा’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. या विषयावर उपदेश करणारे गावोगावी पुष्कळ आहेत, त्यांत माझी भर नको. म्हणून त्यांची क्षमा मागून मी विषय थोडा आकुंचित करून घेतला आहे. मी स्वतः वेळ कसा घालवितो, एवढेच सांगणार आहे. मी लाकूड कातितो.

सुतारांच्या मेळाव्यात उभे राहून ‘मला लाकूडकामाचा छंद आहे’ असे म्हणणे म्हणजे कोळ्याच्या मुलाने पोहण्याचा छंद असल्याचे सांगण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. परंतु माझी हकीकत तशीच आहे. आणि ती सांगताना एकदोन गोष्टी अशा येतील, की ज्या मी आजवर आपणांपुढे उच्चारलेल्या नाहीत.

माझे वडील या पंचक्रोशीतील चार गावांचे बलुतेदार. औत, वखर, तिफण, गाडीची चाके हे त्यांचे काम. १९८० साली मला शिक्षकाची नोकरी लागली. त्या वर्षीच्या खंडेनवमीस वडिलांनी वाकस, करवत, रंधा, किकरे, गिरमीट यांची नेहमीप्रमाणे पूजा केली आणि दसरा उलटल्यावर माझ्या वाट्याची हत्यारे गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. “आता तुझ्या हाती खडू शोभेल,” असे ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने तो आनंदाचा दिवस होता. वर्षभर राबून सुगीच्या वेळी दुसऱ्याच्या खळ्यावर बलुत्यासाठी तिष्ठत उभे राहणे ज्याने सोसले, त्याने मुलासाठी दुसरे काय मागावे? त्या निर्णयास मी दोष देत नाही. दोष आहे तो पुढचा, आणि तो सर्वस्वी माझा.

१९८८ च्या सुमारास मी ज्या शाळेत होतो तेथील बाकांची डागडुजी निघाली. “यातले कोणाला काही कळते काय?” असे मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत सहज विचारले. बाकाचे कूस निखळले आहे, हे मला बसल्या जागेवरून दिसत होते. तरी मी मान खाली घालून हजेरीपट भरीत राहिलो. दोन दिवसांनी बाके दुरुस्त करण्यास जे कारागीर आले ते माझे सख्खे धाकटे काका होते. त्यांनी मला पाहिले, क्षणभर थांबले, आणि इतर शिक्षकांस केला तसाच मलाही “रामराम, गुरुजी” असा नमस्कार केला. दिवसभर त्यांनी ओळख दाखविली नाही. माझ्या मनातील लाज त्यांनी ओळखली आणि ती झाकलीसुद्धा. सायंकाळी मजुरी घेऊन ते निघून गेले. या प्रसंगाविषयी आम्ही दोघे पुढे कधीही बोललो नाही.

२०१६ साली मी निवृत्त झालो आणि ते गोणपाट खाली काढले. दांड्यांना कीड लागली होती. पोलाद मात्र शाबूत होते. परंतु करावे काय? पेरणी ट्रॅक्टरने होते, गाडीला रबरी चाके आली. अशा विचारात असताना आपल्याच आठवडी बाजारात एका विक्रेत्याकडे लाटणी, रव्या, भोवरे मांडलेले दिसले. त्यांतील एका भोवऱ्याची घडण इतकी सुबक होती, की मी तो विकत घेतला, आणि हे कोठे होते याची चौकशी केली. परभणीत एका गल्लीत चार-पाच खरादी बसतात, असे उत्तर मिळाले. पुढच्याच आठवड्यात मी एस.टी.ने तेथे जाऊन थडकलो.

खराद म्हणजे लाकूड फिरविण्याचे यंत्र. हल्ली सर्वजण त्यास लेथ म्हणतात. आपल्या सुताराच्या कामात लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. कातकामात याच्या नेमके उलट: लाकूड गरगर फिरते आणि हत्याराने जागच्या जागी शांत राहावयाचे असते. जुन्या मराठीत या कारागिरास कातारी म्हणत, व त्यांची निराळी ज्ञातीही आहे. आमच्या गल्लीतील मंडळी मात्र बहुतेक मुसलमान. त्यांत सर्वांत वयोवृद्ध जे, त्यांना सगळे चाचा म्हणतात. मीही म्हणू लागलो. त्यांच्या वडिलांच्या काळी वीज नव्हती. एकाने दोरी ओढून लाकूड फिरवावयाचे आणि दुसऱ्याने जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्याचा आधार देऊन कातावयाचे. आज अर्ध्या अश्वशक्तीची मोटर ते काम करते, वीज असली तर.

मी शिक्षक आहे, शौक म्हणून शिकू इच्छितो, असे मी पहिल्या दिवशी सांगितले. ज्यांचे पोट या कामावर आहे त्यांना शौकाची थट्टा वाटली असती तर त्यांत नवल नव्हते. चाचांनी काही न बोलता एक पटाशी माझ्या हाती दिली. मी ती धरली मात्र, तोच ते हसून म्हणाले, “गुर्जी, तुम तो सुतार के घर के दिखते.” अंगठा पात्यामागे कोठे ठेवला, एवढ्यावरून त्यांनी ते ताडले. छत्तीस वर्षे मी जे झाकून ठेवले होते ते माझ्या हाताने एका क्षणात सांगून टाकले. आणि गंमत अशी, की तेथे त्या ओळखीची किंमत वाढली. “मग खाली बसा,” एवढेच ते म्हणाले. चहा आला.

त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा मी त्या गल्लीत असतो. मला अपेक्षा होती, की कारागीर आपली युक्ती राखून ठेवतील. पुस्तकांतून तसे वाचले होते. वस्तुतः प्रकार उलटाच निघाला. एकाने शिकवावे, दुसऱ्याने “असे नव्हे” म्हणून ते खोडून काढावे, आणि तिसऱ्याने दोघांना बाजूला सारून स्वतःच करून दाखवावे! पटाशीची उतरती बाजू आधी लाकडावर टेकू द्यावी आणि मग मूठ हळूच उचलीत धार लावावी. आडवा टेका लाकडाच्या शक्य तितका जवळ घ्यावा. टेका सरकविण्यापूर्वी मोटर बंद करावी. हा शेवटचा नियम मी एकदा मोडला. बाभळीचा वाडगा उडाला आणि कपाळाला खोक पडली. चाचांनी जखमेवर हळद दाबली आणि मग सर्वांसमोर मला मुलासारखे रागे भरले. ज्यास आयुष्यभर रागे भरण्याचीच सवय, त्यास ते ऐकताना काय वाटले असेल याची आपण कल्पना करावी. तथापि दुसऱ्या आठवड्यात माझ्यासाठी एका मुलाने जुना चष्मा राखून ठेवला होता, आणि कोपऱ्यात ‘गुर्जीचे’ म्हणून लिंबाच्या ओंडक्याचे दोन तुकडे होते.

माझ्याकडूनही त्यांना एक गोष्ट देता आली, याचा मला आनंद आहे. मोठे वाडगे वाळताना तडकतात, ही त्यांची नित्याची तक्रार. वाचनातून मला असे समजले होते, की लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढे आकसते त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते. म्हणून गोल वाडगा लंबगोल होतो, आणि मधला गाभा ठेवला तर फाटतो. उपाय असा, की गाभा टाळून ओल्यातच वाडगा जाड कातावा, काठ व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढा राखावा, आडव्या कापावर मेण लावून तो महिनोन्महिने सावलीत ठेवावा, आणि मग पुन्हा कातून गोल करावा. “आधी कच्चे, मग पक्के, गुर्जींनी शाळाच काढली,” असे म्हणून सगळे हसले. परंतु सहा महिन्यांनी तो वाडगा तडकलेला नव्हता. आता तेथे एका फळीवर कच्च्या वाडग्यांची रांग असते.

२०१९ साली मी सावंतवाडीस गेलो. तेथील चितारआळीची लाकडी फळे आणि खेळणी आपणांपैकी अनेकांच्या घरी असतील. पूर्वी ही फळे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करीत. तिकडे कर्नाटकात चन्नपट्टण येथे फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. सावंतवाडीची जी गोष्ट माझ्या मनात राहिली ती मात्र गंजिफाची. दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने रंगविण्याची कला तेथे जवळजवळ बुडाली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली, आणि १९७० नंतरच्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून तिला पुन्हा उभे केले. राजघराण्यातील स्त्रीने चिताऱ्यापुढे शिकावयास बसावे, यात तिला कमीपणा वाटला नाही. आणि मी सुताराचा मुलगा, सुतार म्हणवून घेण्यास लाजलो!

विलायतेतही असेच घडले. लंडनच्या कातारी मंडळास १६०४ साली राजाची सनद मिळाली. ते धंदेवाल्यांचे मंडळ. परंतु १९८६ साली अमेरिकेत आणि १९८७ साली ब्रिटनमध्ये कातकाम करणाऱ्यांच्या ज्या संस्था निघाल्या, त्यांत छांदिष्टांचाच भरणा मोठा आहे. कोणी डॉक्टर, कोणी कारकून. संध्याकाळी एकत्र जमतात, एकजण कातून दाखवितो आणि बाकीचे चुका काढतात. वर्णन वाचले तेव्हा मला परभणीची गल्लीच आठवली.

आता मंडळाकडे एक मागणी. सभागृहामागच्या पत्र्याच्या खोलीत मोडक्या खुर्च्या पडून आहेत. ती जागा मिळाली तर एक लेथ मी माझ्या निवृत्तिवेतनातून बसवितो. आठवड्यातून दोन दिवस मी तेथे असेन; महिन्यातून एकदा गल्लीतील मंडळी येण्यास राजी आहेत. एकच अट आहे: ज्याला शिकावयाचे त्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो, मुलगा असो की मुलगी, आत येऊ द्यावे. काही वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही. “मुले अभियंते होऊ लागली, आणि हा पुन्हा हत्यार देतो,” असे मला तोंडावर सांगण्यात आले आहे. दुसरे काहीजण म्हणतात, आपली विद्या परक्यास का द्यावी? माझे उत्तर एवढेच, की ही विद्या मला परक्यांनीच दिली. आपण ती माळ्यावर टाकली होती. मुलाने अवश्य अभियंता व्हावे. त्याने बाक दुरुस्त करता येत असताना मान खाली घालू नये, इतकेच.

काकांचे सांगून बसतो. ते आता नव्वदीच्या घरात आहेत. गेल्या पावसाळ्यात मी बाभळीचे एक चाडे कातले, तिफणीवर असते तसे. वडील तिफणी करीत, पण चाडी मात्र बाहेरून आणीत, हे मला आठवत होते. चांगले घोटले, तेल पाजले आणि काकांच्या हाती नेऊन दिले. त्या बाकांविषयी काही बोलावे असे मनात होते; शब्द फुटले नाहीत. काकांनी चाडे उलटसुलट फिरविले, काठावरून अंगठा नेला, तळात बोट घातले. मग म्हणाले, “गुळगुळीत केलंस बाबा. पण भोक एकच? तिफणीला तीन लागतात. बी जाणार कुठनं?”

त्यांनीच मग खाटेवर बसून तिन्ही भोकांच्या जागा पेन्सिलीने आखून दिल्या, आणि माळ्यावरच्या गोणपाटातले गिरमीट मी चालविले. ते चाडे आज मंडपाच्या दाराशी टेबलावर ठेवले आहे. काकाही तेथेच खुर्चीवर बसले आहेत. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी ते हातात घेऊन पाहावे. काही विचारावयाचे असेल तर त्यांना विचारावे, मला नव्हे.