उन्हाची झळ आणि न्याय



2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने हाहाकार माजवला,
आणि त्यानंतर 2013 मध्ये तेथील महानगरपालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा अमलात आणला.

इशारे निघू लागले.
पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग लागला.
ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते;
कारण ज्याच्या डोक्यावर तापलेला पत्रा आहे,
आणि ज्याची रोजंदारी एका दिवसाच्या विश्रांतीनेही बुडते,
त्याला ‘दुपारी घरात थांबा’ हा इशारा कितीसा उपयोगी पडणार?

हवामानबदलास ज्याने अत्यल्प हातभार लावला, त्यालाच झळ सर्वाधिक बसते;
म्हणून धोरणाच्या दफ्तरात पहिली नोंद त्याची व्हावी.
होय, पहिली नोंद त्याचीच;
आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई ही मेहेरबानी नव्हे, हक्क मानली जावी.

आपल्या नगरपालिकेच्या आराखड्यात अशी तरतूद आहे का, हे अवश्य विचारा.