जुनें यंत्र कीं नवें ?

नगरहून मनमाडच्या रस्त्यानें सीना नदी ओलांडली कीं नागापूर लागतें. येथें औद्योगिक वसाहत असल्यामुळें यंत्रांची चर्चा चहाबरोबर सहज निघते. अशा ठिकाणीं एखाद्या घरचा पंचवीस वर्षांचा सीडी-प्लेअर तबकडी वाचीनासा झाला, म्हणजे घरांत दोन पक्ष पडावयाचेच. वडील म्हणतात, "अरे, असें भरभक्कम यंत्र आतां मिळावयाचें नाहीं." चिरंजीव म्हणतात, "बाबा, याच्या दुरुस्तीच्या खर्चांत नवें येईल." दोघांचेंही म्हणणें बहुधा खरें असतें, अडचण तीच आहे.

सोनी कंपनीनें आपला पहिला सीडी-प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजीं जपानांत विक्रीस आणला. त्या वेळचीं मापें आजही कायम आहेत: बारा सेंटिमीटर व्यासाची तबकडी, आणि डाव्या व उजव्या ध्वनीचे प्रत्येकीं सेकंदास ४४,१०० नमुने. जुनें यंत्र काय किंवा नवें काय, वाचतें तेच आंकडे. फरक पडतो तो त्या आंकड्यांचा पुन्हा ध्वनि करतांना. फिलिप्सच्या आरंभींच्या यंत्रांत हें काम करणारा भाग १६ ऐवजीं १४ बिटांचा होता. राहिलेली कसर नमुन्यांची संख्या चौपट करून भरून काढीत. आज हेंच काम स्वस्तांतला भागही चोख करतो. तेव्हां केवळ आवाजाच्या गोडीसाठीं जुन्याचा हट्ट धरण्यांत फारसें तथ्य नाहीं. दिवाणखान्यांतील स्पीकर भिंतीपासून हातभर पुढें ओढले, तरी याहून मोठा फरक कानांस जाणवतो !

जुन्याचें बळ त्याच्या बांधणींत आहे आणि दुखणें त्याच्या डोळ्यांत. तबकडी वाचणारा लेसर किरण वर्षानुवर्षें वापरानें क्षीण होतो. भिंगावर नुसती धूळ बसली असेल, तर ती पुसून काम भागतें. खण उघडत नसेल, तर बहुधा आंतील रबरी पट्टा सैल झालेला असतो, व तो बदलणें सोपें असतें. पण लेसरच गेला आणि त्या जातीचा सुटा भाग निघेनासा झाला असला, तर भक्कम पोलादी पेटीचा उपयोग काय ? सुटा भाग मिळतो कीं नाहीं, हें आधीं विचारून मग दुरुस्तीस हात घालावा.

नव्यांतही सारेंच गोड नसतें. सीडी-प्लेअर म्हणून पुष्कळ घरीं स्वस्त डीव्हीडी-प्लेअर येतो. त्यांतील कांहीं यंत्रें दोन भागांच्या सांध्यावर क्षणभर थांबतात. चित्रपटगीतांत तें कळतही नाहीं. परंतु बडा ख्याल संपून द्रुत सुरू होतांना तंबोरा मध्येंच तुटला, म्हणजे बैठकीचा रंगच जातो. मुंबईच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणलेल्या तबकड्या ज्यांनीं जपल्या आहेत (तें दुकान २०१६ सालीं बंद झालें), त्यांनीं ही परीक्षा दुकानांतच करून घ्यावी.

याहून नाजूक गोष्ट घरीं भरलेल्या तबकड्यांची. जुन्या कॅसेटवरून आजीच्या ओव्या, मुंजींतलीं मंगलाष्टकें कोणीतरी सीडीवर उतरून ठेवलेलीं असतात. पुन्हां पुन्हां लिहितां येणारी तबकडी १९९७ च्या सुमारास आली. ती छापील तबकडीपेक्षां फारच कमी प्रकाश परत करते; म्हणून त्यापूर्वींचीं बरींच यंत्रें ती वाचीत नाहींत. एकदांच लिहितां येणाऱ्या तबकडीवरील रंगाचा थर तर उन्हानें व उष्णतेनें विटतो. बाजारांतली तबकडी हरवली, तर दुसरीकडे कोठें तरी सांपडेल. आजीचा आवाज कोठें सांपडणार?

म्हणून यंत्राचा वाद मिटेपर्यंत थांबूं नये. जो संगणक ती तबकडी वाचील, त्यावर तिच्या दोन प्रती प्रथम करून ठेवाव्या. मग पुण्यास नवें यंत्र पाहावयास जातांना तीच तबकडी पिशवींत घ्यावी, आणि दुकानदारानें आपली चकचकीत नमुन्याची तबकडी पुढें केली, तरी ही लावावयास सांगावें.