विसरणाऱ्या मुलाचा दोष कोणाचा?

(महोत्सवप्रसंगीं झालेलें भाषण)



वैनगंगेच्या तीरीं मार्कंडा येथील देवालय ज्या मार्कंडेयाच्या नांवानें ओळखिलें जातें, त्याची जन्मकथा या भागांतील आबालवृद्धांस ठाऊक आहे. मृकंडु ऋषि निपुत्रिक होते. मंदबुद्धि पण दीर्घायुषी पुत्र हवा, कीं बुद्धिमान पण अल्पायुषी, असें त्यांस विचारण्यांत आलें. त्यांनीं बुद्धिमान पुत्र मागितला. मृकंडूंस निवड करितां आली. आपल्या आईबापांस ती कोणी देत नाहीं. जें मूल पदरीं येतें तें वाढवावयाचें असतें, आणि तें मंद निघालें तर लोकांचें बोट प्रथम आईकडे वळतें. म्हणून मूल शिकतें कसें, आणि कांहीं मुलांत शिकलेलें टिकत कां नाहीं, हें आम्हीं आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

मेंदूंतील पेशी जेथें एकमेकींस संदेश देतात, त्या जागांस आपण सांधे म्हणूं. नवी गोष्ट शिकतांना कांहीं सांधे बळकट होतात, कांहीं सैल पडतात. हा फेरफार टिकावयाचा तर नवीं प्रथिनें घडावीं लागतात. 1963 सालीं अमेरिकेंत फ्लेक्सनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांस एक वाट शिकविली, आणि मग प्रथिनांची घडण थांबविणारें प्यूरोमायसिन त्यांच्या मेंदूंत टोचलें. शिकलेली वाट उंदीर विसरले. पुढील प्रयोगांवरून असें दिसून आलें कीं, घटकाभर राहणारी आठवण असलेल्या सामग्रीवर भागते, परंतु दिवसेंदिवस राहणारीस नवीं प्रथिनें लागतात. 1982 सालीं स्टुअर्ड व लेव्ही यांनीं दाखविलें कीं, प्रथिनें घडविणारे रायबोसोम थेट सांध्यांच्या पायथ्याशींहि असतात.

मग प्रथिनें जितकीं अधिक तितकी बुद्धि तीव्र, असें कोणास वाटेल. तसें नाहीं. आपल्या भातशेतीचाच दाखला घ्या. तलावाचें तुडूम वेळेवर उघडलें तर बांधींत पाणी येतें; पण तें बंदच होत नसेल तर रोप रुजण्याऐवजीं कुजतें. मेंदूंतहि असें एक दार आहे. एफएमआरपी नांवाचें प्रथिन इतर अनेक प्रथिनांची घडण आवरून धरितें, आणि योग्य संदेश येतांच ती मोकळी करितें. ज्या मुलांत तें नसतें, त्यांच्या सांध्यांत घडण अवेळीं व अधिक होते, आणि सांध्यांचें बळ नीट जुळत नाहीं. या विकारास फ्रॅजाइल एक्स म्हणतात. प्रत्येक मंद मुलास हाच विकार असतो असें नव्हे. परंतु वंशपरंपरेनें येणाऱ्या बौद्धिक दिव्यांगतेच्या ज्ञात कारणांत हें सर्वांत अधिक आढळणारें होय. सुमारें चार ते सात हजार मुलग्यांत एकास तो असतो. मुलींत तो कमी व बहुधा सौम्य असतो.

1943 सालीं इंग्लंडांत मार्टिन व बेल यांनीं एकाच घराण्यांतील अशा पुरुषांची नोंद केली. जनुक सांपडलें 1991 सालीं. त्या जनुकांत सीजीजी हीं तीन अक्षरें पुनःपुन्हां येतात. बहुतेक माणसांत तीं 45 हून कमी वेळां येतात. 55 ते 200 वेळां आलीं तर माणूस वाहक ठरतो. 200 च्या वर गेलीं कीं जनुक मुकें होतें. वाहक आजोबा शेतीभाती उत्तम पाहतात. त्यांजकडून ही ठेव सर्व मुलींस जाते, मुलग्यांस मुळींच नाहीं. मुलगीहि बहुधा शहाणीसुरती असते. परंतु तिच्या अपत्याकडे जातांना ती संख्या एकदम वाढूं शकते, आणि नातू मंद निघतो. तेव्हां सुनेस वाईट पायगुणाची म्हणणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, हा लेख तिनें लिहिलेला नाहीं, आणि पुसणें तिच्या हातीं नव्हतें. गरोदरपणीं तिनें काय खाल्लें, कोणतें ग्रहण पाहिलें, याचा येथें कांहीं संबंध नाहीं.

उपायाविषयीं खरें तेंच सांगितलें पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील जैवविज्ञान केंद्रांत सुमंत्र चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2010 सालीं दाखविलें कीं, या विकाराच्या उंदरांतील बिघडलेले सांधे औषधानें कांहीं अंशीं सुधारतात. माणसांवरील मोठ्या चाचण्यांत मात्र त्या जातीचीं औषधें सफल झालीं नाहींत. म्हणून हमखास गुण देतों असें सांगून कोणी पैसे मागेल तर देऊं नयेत.

करण्यासारखें मात्र पुष्कळ आहे. रक्ताच्या जनुकतपासणीनें हा विकार ओळखतां येतो, आणि घरांतील इतर वाहकहि कळतात. अशा मुलांस गोंगाट व गर्दी सोसत नाहीं. तें नजर चुकवितें तें उद्धटपणानें नव्हे. त्यास चित्रांनीं, लहान लहान पायऱ्यांनीं, रोजच्या ठरल्या वेळीं शिकवावें. मुंबईंत वकील दांपत्यानें आपली कन्या जय हिच्यासाठीं 1944 सालीं अशा मुलांची शाळा काढली, ती आजहि चालू आहे. 2016 च्या कायद्यानें चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. आपल्या वस्तींत असें मूल घराच्या मागल्या पडवींत बसलेलें असेल, तर त्याच्या आईस प्रथम दोषमुक्त करा, आणि मग त्याचा हात धरून त्यास शाळेंत घेऊन जा.