सुट्या पेरांची साक्ष

मनुष्याच्या एका हातांत चौदा पेरें असतात. चार बोटांस तीन-तीन आणि अंगठ्यास दोन. श्रोत्यांनीं क्षणभर आपला हात पुढें धरून पाहावा. प्रत्येक बोटांत तळव्याजवळचें पेर सर्वांत लांब, मधलें त्याहून आखूड आणि शेवटच्यावर चपटें नख. ही रचना इतकी परिचयाची आहे कीं, तींत कांहीं विशेष आहे असें वाटतही नाहीं. नरवानरगणाचे आदि आप्त कोण, हा वाद मात्र तांदुळाच्या दाण्याएवढ्या अशाच पेरांवरून माजला.

डायनोसॉर लोप पावल्यानंतरच्या युगांत उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत प्लेसिअडॅपिफॉर्म नांवाचे चिमुकले प्राणी राहत. त्यांच्या दांतांवरून विद्वानांनीं त्यांस नरवानरांच्या उंबरठ्याशीं बसविलें होतें. १९९० सालीं ख्रिस्तोफर बीअर्ड यांनीं त्यांपैकीं पॅरोमोमायिड घराण्याच्या हाडांवरून असें प्रतिपादन केलें कीं, यांच्या हाताचें मधलें पेर पहिल्याहून लांब आहे. हें लक्षण कोलुगोचें. आग्नेय आशियांतील हा प्राणी बोटांबोटांमध्येंही ताणलेल्या कातड्याच्या आधारानें झाडावरून झाडावर तरंगत जातो. तेव्हां पॅरोमोमायिडही तरंगणारे आणि कोलुगोचे सोयरे ठरले. एका पेराच्या लांबीवरून सबंध घराणें आप्तांच्या पंक्तींतून उठून दुसऱ्या पंगतीला बसलें!

पण सुटें पेर हाताचें कीं पायाचें, किंबहुना कोणत्या प्राण्याचें, हें ओळखणें फार बिकट. हा पुरावा अपुरा आहे, असें डेव्हिड क्राउझ यांनीं १९९१ सालींच सुचविलें होतें. पुढें जोनाथन ब्लॉक आणि डग बॉयर यांनीं वायोमिंगमधील चुनखडीचे दगड अम्लांत हळूहळू विरघळविले आणि प्रत्येक हाड उघडें पडतांच त्याची जागा नकाशावर टिपून मगच तें उचललें. या चिकाटीला तोड नाहीं. त्यामुळें कोणतें पेर कोणाच्या कोणत्या बोटाचें, हें प्रथमच निश्चित सांगतां आलें. आणि पॅरोमोमायिडांच्या हातांत कोलुगोचें तें लक्षण आढळलें नाहीं.

याच पद्धतीनें कार्पोलेस्टेस सिम्प्सोनाय या सुमारें ५ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या प्राण्याचा सांगाडा हातीं आला. त्याचें वर्णन २००२ सालीं प्रसिद्ध झालें. आकार उंदराएवढा, बोटें लांब. पायाचा अंगठा इतर बोटांसमोर येऊन फांदी पकडणारा, आणि त्यावर चपटें नख! तथापि डोळे समोर वळलेले नव्हते व उडी मारण्यास योग्य असे पायही नव्हते. कीटकांची शिकार करतांना समोरचे डोळे व पकडणारे हातपाय जोडीनेंच घडले, असें मॅट कार्टमिल यांचें मत १९७० नंतरच्या दशकांत मान्यता पावलें होतें. येथें तर पकड आधीं आली, डोळे मागाहून. ही पकड स्वतंत्रपणें उपजली असावी, असा आक्षेप २००३ सालीं घेण्यांत आला. आणि त्याला आधारही आहे, कारण याच प्राण्याच्या पायाच्या उरलेल्या चार बोटांवर नख्याच होत्या.