फवारणी कोण करतं?

पर्यावरण आणि समाज यांवर संशोधन करायला यंदा नव्यानं नाव नोंदवलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांशी आज बोलणार आहे. विषय कुठं शोधायचा, असं विचाराल तर मी म्हणेन, यवतमाळच्या आर्णी तालुक्यातल्या एखाद्या वावरात चला.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास माणसं दगावली. तेव्हा एक उत्तर फार लवकर पुढं आलं: हातमोजे नव्हते, मास्क नव्हता, शेतकऱ्यानं काळजी घेतली नाही. याच धर्तीवर प्रश्नावली काढणंही सोपं आहे. 'संरक्षक कपडे वापरता का? हो किंवा नाही.' तक्ते भरतील, प्रबंध होईल, आणि दोष होता तिथंच राहील.

त्यापेक्षा विचारा, फवारणी कोण करतं? मालक, सालगडी की रोजानं आलेला मजूर? मजुरी दिवसाची की पंपामागं? पंपामागं असेल, तर मधेच थांबून हातपाय धुणं म्हणजे मजुरी बुडवणं. कोणतं औषध कशात मिसळायचं, हे कोण सांगतं? कृषी केंद्रात उधारी असली की दुकानदाराचा सल्ला मोडवत नाही. २०१७ मध्ये पऱ्हाटी डोक्यावर गेली होती, फवारा अंगावरच यायचा. बियाण्याचाही मागोवा घ्या: २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती बोंडअळीला आळा बसेल म्हणून. २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळी तिला पुरून उरली होती. आणि विषानं भिजलेले कपडे घरी धुतं कोण? त्या बाईची नोंद तुमच्या वहीत हवी.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मज्जासंस्थेतल्या कोलिनएस्टरेज या विकराचं काम अडवतात, हे प्रयोगशाळा सांगेल. ते विष नेमकं याच माणसाच्या अंगात का गेलं, याचं उत्तर मजुरी, उधारी, बियाणं आणि जमिनीची मालकी यांत आहे. ते शोधणं तुमचं काम. त्यासाठी रसायनशास्त्र कळायला हवं आणि तांड्यावर, कोलामांच्या पोडावर बसून ऐकताही यायला हवं.

एक सावधगिरीची सूचना. इथल्या लोकांना प्रश्न विचारणारे नवे नाहीत. २० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातल्याच दाभडीत निवडणूक प्रचारातली 'चाय पे चर्चा' झाली आणि देशभरचे कॅमेरे गावात आले. त्यामुळे 'याचा आम्हाला काय उपयोग?' असं कुणी विचारलं तर रागावू नका. खोटी आशाही लावू नका. अनुदान मिळवून देणं तुमच्या हातात नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. नाव छापायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवला. जंगलाचा, कायद्याचा अभ्यास गावानंच केला, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. संशोधन गावाचंही असू शकतं, याचा हा दाखला.

म्हणून मार्गदर्शकांना दाखवण्याआधी तुमची प्रश्नावली फवारणी करणाऱ्या चार मजुरांना वाचून दाखवा. ते जो प्रश्न राहून गेला म्हणून सांगतील, तो पहिल्या क्रमांकावर घ्या.