हात आणि डोके



कामगार चळवळीतला माणूस पोखर्णीस आला म्हणजे मजुरीच्या दराविषयी बोलणार, अशी पुष्कळांची समजूत असेल. आज आम्ही मजुरी सुटल्यानंतरच्या माणसाविषयी बोलणार आहोत. वय होते, नावे आठवत नाहीत, बाजारातला हिशेब चुकतो, तीच गोष्ट चारदा विचारली जाते. मग घर म्हणते, 'साठी बुद्धी नाठी', आणि त्या माणसाला ओसरीच्या कोपऱ्यात बसविते. 'आता तुम्ही काही करू नका' हे वाक्य मायेपोटीच निघते. पण त्याने अपाय होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या दर शंभरांत सात-साडेसात माणसांना स्मृतिभ्रंश, म्हणजे एकूण सुमारे ८८ लाख, असा तो अंदाज होता. शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत हे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे हे दुखणे बंगल्यांतले नाही, आपल्याच वस्तीतले आहे. या आजाराच्या अलीकडे एक पायरी असते. विसर पडू लागलेला असतो, पण माणूस आपले रोजचे व्यवहार आपणच करीत असतो. आजचे बोलणे मुख्यतः त्या पायरीवरच्या माणसांविषयी आहे.

कॅनडात अशाच १७५ वृद्धांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तान्त २०२३ साली आला. आठवड्यातून तीन दिवस, असे वीस आठवडे, व्यायाम आणि त्याच्या जोडीला बुद्धीचा सराव. नुसते हलके अंग ताणणाऱ्यांपेक्षा या जोड-व्यायामवाल्यांची बुद्धीच्या चाचणीत सुधारणा झाली. सोबत काहींना 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा वेगळा उपयोग दिसला नाही. गोळीच्या शोधात परभणीस खेपा घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जोड का लागते? आपले अवधान मोजके असते. तरुण माणूस चालता चालता गप्पा मारतो. वृद्धाला काही विचारले की कधी कधी तो थांबतो, मग उत्तर देतो. बोलण्यासाठी थांबावे लागणारी अशी माणसे पुढे अधिक पडतात, असे स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९७ साली दाखविले. चालणे आणि विचार करणे ही दोन्ही एकाच थैलीतून खर्च करतात. म्हणून दोन्ही एकत्र करण्याचा सराव हवा. जपानात ओबू गावच्या वार्धक्य-संस्थेने याचा साधा प्रकार बसविला आहे. पावले टाकीत आकडे मोजायचे आणि दर तिसऱ्या आकड्याला टाळी वाजवायची. टाळी चुकते, सगळे हसतात. चुकणे थांबले की प्रकार बदलायचा, कारण सोपे झालेले काम डोक्याला कामच राहत नाही.

आता कोणी म्हणेल, 'आमच्या मजुराने जन्मभर घाम गाळला, त्याला व्यायाम कसला शिकविता?' प्रश्न रास्त आहे. पण त्या घामाची घडण पाहा. अंग मजुराने हलवायचे आणि विचार मुकादमाने करायचा, अशी वाटणी जन्मभर चालते. आम्ही संघटनेत तिच्याविरुद्ध भांडत आलो, आणि म्हातारपणी तीच वाटणी पुन्हा आडवी येते.

सगळीच कामे तशी नव्हती. मोंढ्यातला मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, आणि पुढची गणती सुरात, हात थांबू न देता चालवितो. आमच्या संघटनेतल्या एका म्हाताऱ्या मापाड्याला नातवंडांची नावे सापडत नसत. पण रिकामे माप हाती दिले की 'लाभ' पासून वीसपर्यंतची गणती बिनचूक येई. आमच्या माता पहाटे जाते ओढीत आणि ओवी जुळवीत. हात गोल फिरे आणि मन शब्द शोधी. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. चक्की आली, कष्ट गेले, हे उत्तमच झाले. जाते पुन्हा घरात आणा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण कष्टाबरोबर ओवीही गेली. वारकऱ्यांची पावली मात्र अजून शिल्लक आहे. टाळ हातात, ठेका पायांत, अभंग तोंडात, आणि शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवायचे. विसरणाऱ्या माणसासाठी याहून स्वस्त आखाडा आम्हांस ठाऊक नाही. स्मृतिभ्रंश यामुळे टळतो असे सिद्ध झालेले नाही. फार पुढे गेलेला आजार तर असल्या सरावाने मागे फिरत नाही, हेही सांगून ठेवतो.

आधी डॉक्टर गाठावा. थायरॉईड बिघडले, बी-१२ कमी पडले, ऐकू येईनासे झाले, मन खचले, तरीही माणूस विसराळू दिसतो, आणि यांवर इलाज आहे. गुडघा किंवा छाती कमजोर असेल तर बसून पावले टाकावीत. उभे राहणाऱ्याच्या हाताशी भिंत वा खुर्ची असावी.

पोखर्णीपुरती आमची मागणी लहान आहे. नृसिंहाच्या देवळापाशी किंवा शाळेच्या पटांगणात सोमवार, बुधवार, शुक्रवार असा पाऊण तास ठरवावा. खडूने जमिनीवर चार चौकोन आखावेत. लाभ, दोन म्हणत पावले टाकावीत, तिसऱ्याला टाळी. पुढच्या आठवड्यात गणती उलटी. मग दोन अभंग पावलीसह. ज्याला अभंग नको त्याने पिकांची नावे घ्यावीत, गावांची घ्यावीत. मुसलमान शेजाऱ्यालाही त्यात जागा हवी. म्हाताऱ्या स्त्रियांना 'स्वयंपाक कोण करील' म्हणून घरी ठेवू नये. दोघा तरुणांनी त्यांना घरून आणण्याचे आणि परत पोचविण्याचे काम वाटून घ्यावे, कारण रस्ता विसरणाऱ्याला 'तू ये' म्हणून भागत नाही. सध्या ऊन कडक आहे, तेव्हा सकाळी साडेसहाची वेळ बरी. या सभेनंतर आम्ही दाराशी वही घेऊन उभे आहोत. ज्यांना आणावयाचे त्यांची नावे एका पानावर आणि आणणाऱ्यांची दुसऱ्या पानावर लिहावीत.